दंडावरचं बटण

माझ्या डाव्या दंडावर, मागच्या बाजूला, एक पांढरं बटण आहे. त्याला दोन भोकं नाहीत, चार नाहीत, काज तर कुठेच नाही; तरी मी त्याला बटणच म्हणते. डॉक्टरीणबाई सेन्सर म्हणतात. माझा मुलगा नुसतं 'ते' म्हणतो. ते नीट बसलंय ना, ते ओलं झालं तरी चालतं, ते ओढू नको. जन्मभर लोकांची बटणं लावली, शेवटी मलाच कोणीतरी एक लावून गेलं, असं मी गिऱ्हाइकांना सांगते. ती हसतात आणि विचारतात, दुखतं का? दुखत नाही. जिच्या बोटांची सगळी हयात सुईने टोचून घेण्यात गेली, तिला आत शिरलेल्या केसाएवढ्या तारेचं काय कौतुक.

माझं दुकान आल्टरचं. नवं काही शिवत नाही. पँटची उंची कमी करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची, कोटाला अस्तर लावायचं. माणसं जाड होतात, बारीक होतात आणि दोष कपड्याला देतात. त्यावर माझं पोट चालतं. दुकान खाली, घर वर, मध्ये आतला अरुंद जिना. नवरा होता तेव्हा गिऱ्हाइकांशी तो बोलायचा, कारण माझं तोंड फटकळ. तो गेल्यापासून बोलायलाही मीच. त्यामुळे गिऱ्हाइकं थोडी कमी झाली आहेत, पण जी उरली ती सोसणारी आहेत.

साखर जुनी आहे. मुलाला मिसरूड फुटली त्या सुमाराची. आधी गोळ्या होत्या, मग गोळ्यांनी हात टेकले आणि इन्सुलिन आलं, सकाळ-संध्याकाळ. त्याचं पेन असतं. पोटाला लावायचं आणि दाबायचं. मला ते कधी जड गेलं नाही. बोटाला टोचून साखर बघायचंही नाही. उलट ते टोचणं मला हवंच होतं, कारण त्यावर आमचा रोजचा फोन चालायचा.

मुलगा लांबच्या शहरात असतो, एकटा. लग्नाचं विचारायचं नाही असं त्याने एकदा सांगितलंय, म्हणून मी विचारत नाही, फक्त सुस्कारा सोडते. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं. "किती आली?" मी आकडा सांगायची. जास्त असला तर, "काय खाल्लंस?" मी खोटं बोलायची. त्याला ते कळायचं. मग तो रागवायचा, मग मी रागवायची, मग तो हसायचा, आणि तिथून गाडी कुठेही जायची. त्याच्या वरच्या मजल्यावरचा माणूस, जो दिवसभर खुर्च्या सरकवतो. त्याची साहेबीण, जी सगळ्यांना 'चॅम्पियन' म्हणते आणि पगार वाढवत नाही. माझी गिऱ्हाइकं, त्यांची पोटं, त्यांच्या कंबरा. साखर हे निमित्त होतं. पण निमित्ताशिवाय आमच्या घरात कोणी बोलत नाही, पहिल्यापासून. नवराही आधी खोकायचा आणि मग बोलायचा.

गेल्या वर्षी मुलगा रजा काढून आला, बटण लावलं, माझ्या फोनमध्ये त्याचं ॲप टाकलं आणि स्वतःच्याही फोनमध्ये टाकलं. "आता तुला सांगायलाच नको, आई. मला तिथे बसल्या जागी दिसेल. सत्तरच्या खाली गेली की माझा फोन बोंबलेल." फार आनंदाने सांगितलं त्याने. मीही आनंदाने ऐकलं. दोघंही मूर्ख.

तो परत गेला. पहिले काही दिवस फोन आले. पण त्यात 'किती आली' नव्हतं, कारण त्याला माहीत होतं. आणि ते नसल्यावर पुढचं काही सुचेना. "बरी दिसतेस," तो म्हणाला. म्हणजे आकडा बरा दिसत होता. "हो," मी म्हटलं. मग, "चल, ठेवतो." हळूहळू फोनच्या जागी अंगठा यायला लागला. रोज संध्याकाळी फोनवर एक पिवळा अंगठा, वर केलेला. साखर ठीक, पुढे चला. दुधाची तहान ताकावर भागवतात म्हणे. अंगठ्यावर कशी भागवायची ते कोणी सांगितलेलं नाही.

रागवायला जागा नव्हती, हाच माझा राग. मुलगा डोळ्यांत तेल घालून माझ्यावर लक्ष ठेवत होता. आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस. बँकेतली बाई, जी माझ्याकडे कोट घेऊन येते, ती म्हणाली, आमचा पोरगा शेजारच्या खोलीत असतो आणि त्याला मी जिवंत आहे की नाही ते माहीत नसतं. मी काय बोलणार? माझ्या पोराला माझ्या रक्ताची घडामोड दर पाच मिनिटांनी कळत होती. त्याने डोळा ठेवला होता, कान तेवढा काढून नेला होता. संध्याकाळी दुकान आवरताना मी कात्रीशी बोलायला लागले, तेव्हा मला माझीच कीव आली.

तुम्ही म्हणाल, बाई, तुला काय हात नाहीत? तूच लाव की फोन. तर त्याचं असं आहे. नवरा गेला तो भर दुपारी, दुकानातच, शटर वर सरकवताना. मी मुलाला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. मला आडवळणं येत नाहीत. त्याने उचलला आणि मी म्हटलं, बाबा गेले. त्यानंतर कित्येक महिने माझं नाव फोनवर दिसलं की तो 'काय झालं?' म्हणतच उचलायचा. एकदा मी मिक्सरचं वॉरंटी कार्ड कुठे ठेवलंय एवढं विचारायला फोन केला, तर त्याला धड बोलता येईना. त्या संध्याकाळी तो म्हणाला, "आई, तू नको ना करत जाऊ. तुझं नाव दिसलं की माझे हात कापतात. मीच करीन, रोज करीन." मी बरं म्हटलं. तेव्हापासून मी त्याला एकदाही फोन लावलेला नाही. आई शब्दाची पक्की आहे, हे त्यालाही माहीत असावं असं मला वाटत होतं.

मग एक दुपार अशी आली की मी कापायच्या टेबलावर डोकं टेकून पेंगले. डावा हात डोक्याखाली. शटर अर्धं ओढलेलं, इस्त्री बंद, समोर कोणाची तरी पँट उसवलेली. फोन वाजला तो मुलाचा.

"आई! आई, बोल काहीतरी. चौपन्न दाखवतंय. घाम आलाय? उठून आधी साखर खा."

"अरे, मी झोपले होते," मी म्हटलं. "काही होत नाहीये मला."

"बोट टोच. आत्ता. मी थांबतो."

मी बोट टोचलं. एकशे अठरा. त्याने दोनदा वाचायला लावलं. मग त्याने असा काही श्वास सोडला की माझ्या कानाला वारा लागला. आणि त्या सुटकेच्या भरात तो बोलायला लागला. खुर्च्यावाल्याने आता टेबलही आणलंय. साहेबिणीने वाढदिवसाला सगळ्यांना एकेक कुंडी दिली, आणि याची कुंडी आठवडाभरात मेली. मी हसले, तो हसला. मधूनमधून तो म्हणायचा, "थांब, आकडा बघू दे. येतोय वर. अजून जरा थांबतो." मी उठून बसले होते, हात मोकळा होता, आकडा हळूहळू वर आला. तो नव्वदपर्यंत गेला तशी त्याच्या आवाजात निघायची गडबड आली आणि फोन बंद झाला.

डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्या हातावर झोपत जाऊ नका. दाब पडला की सेन्सरला नीट कळत नाही, तो खोटं कमी दाखवतो. हात सोडला की आपोआप वर येतो. घाबरायचं कारण नाही." तसं घाबरतंय कोण. मी घरी येऊन विचार करत बसले. कापड कुठे दाबलं की चुणी कुठे पडते, हे मला कोणी शिकवायला नको.

पुढच्या आठवड्यात मी पहिल्यांदा मुद्दाम केलं. माझी खुर्ची लाकडी आहे, पाठ उभी, कडा गोल. जेवणाआधी साखर आपसूक जरा खाली असते. त्या वेळी दंडाचा मागचा भाग कडेवर टेकवायचा, अंगाचा भार द्यायचा आणि उजव्या हाताने बटणं निवडत बसायचं. एका वाटीतली बटणं निवडून होत नाहीत तोवर फोन. मी उचलला आणि म्हटलं, "काही नाही रे, बरी आहे." त्याने बोट टोचायला लावलं, मी टोचलं, आकडा सांगितला, आणि तो आपल्या पडद्यावरचा आकडा वर यायची वाट बघत माझ्याशी बोलत राहिला.

लबाडी म्हणा. मी म्हणत नाही. त्याच्या पैशाला धक्का नाही, माझ्या जिवाला धक्का नाही. फोन करायची मला बंदी होती. फोन यायला बंदी नव्हती. आणि माणूस एकदा हुशारी करायला लागला की थांबत नाही. आकडा वर आला की तो निघतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणून मी बोलता बोलता दंड खुर्चीला तसाच टेकवून ठेवायला लागले, हलकासा. आकडा मग रेंगाळायचा. "अजून साठच आहे," तो म्हणायचा. "हो का? असू दे," मी म्हणायची. "मग त्या कुंडीत तू आता काय लावलंस?" तो सांगायचा. मी आधीपासून विषय जमवून ठेवायची. गिऱ्हाइकांना मुद्दाम खोदून खोदून विचारायची, त्याला सांगण्यासारखं काही निघतं का म्हणून. ती बिचारी म्हणायला लागली, बाई हल्ली फार माणसाळल्या.

महिना-दोन महिने असे गेले. माझ्या आयुष्यात मी इतकी बरी कधी नव्हते, आणि ॲपमध्ये इतकी आजारी कधी नव्हते.

पण पोरगा माझाच. तो गप्प कसा बसेल? त्याने सगळे आलेख डॉक्टरीणबाईंना पाठवले. त्यांचा फोन आला. "तुमची साखर दुपारी वरचेवर खाली जातेय. हा दाबाचा प्रकार तर नाही ना? त्या हातावर झोपता का तुम्ही?"

इथे सांगून टाकायचं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण सांगितलं तर त्या मुलाला सांगणार, मग खुर्ची गेली, फोन गेला, परत अंगठा. मी म्हटलं, "नाही हो, दुपारी कुठली झोप. कामात असते मी."

"मग डोस कमी करू या," त्या म्हणाल्या.

डोस कमी झाला आणि साखर चढली. तहान लागायला लागली, सारखं उठावं लागायचं, पायांत गोळे. मी दोन दिवस खुर्चीला दंड टेकवून बसले तर आकडा दोनशे तीसवरून दीडशेवर येऊन अडला. गजर कुठला वाजतोय? खोटं बोलायलाही मुळात साखर बरी लागते, हे मला तेव्हा कळलं. आणि डोळे. काळ्या कापडावर काळा दोरा मला कधी अडला नव्हता, तो धुरकट दिसायला लागला. बँकेतल्या बाईचा कोट आला होता, बाह्या आखूड करायला. तिने घालून बघितला, आरशासमोर दोन्ही हात पुढे केले. डावी बाही उजवीपेक्षा बोटभर आखूड होती. माझ्या हातून असं कधी झालेलं नव्हतं, शिकत होते तेव्हाही नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी कुठे हात जुळवून उभी राहणार आहे."

"काढा," मी म्हटलं. "उद्या या." ती गेल्यावर मी ती बाही उसवायला घेतली आणि टाका दिसेना. मला रडू आलं. आधी डोळ्यांसाठी आलं, मग दुकानासाठी, आणि मग कोणाला सांगायची सोय नाही म्हणून आलं.

त्या संध्याकाळपासून मी माझा जुना डोस परत सुरू केला. डॉक्टरीणबाईंना कळवलं नाही, मुलाला कळवलं नाही. डोळ्यांसाठी, असं मी स्वतःला सांगितलं. चार-पाच दिवसांत नजर निवळली, बाई येऊन दुरुस्त कोट घेऊन गेली, आणि आकडा पुन्हा दुपारी शंभराच्या आसपास यायला लागला. तेव्हा खुर्ची मला दिसायला लागली. डोळे तसे त्यासाठीही बरे झाले होते.

त्या दुपारी मी जेवण जरा पुढे ढकललं. आकडा जितका खाली, तितकं दाबायला सोपं. दंड टेकवला, एक चेन उसवायला घेतली. फोन आला.

"आई, बासष्ट. बोट टोच."

"टोचलं. एकशे वीस," मी म्हटलं. टोचलं नव्हतं. हल्ली मी टोचायचा कंटाळा करत होते. उत्तर ठाऊक असताना बोटाला कशाला त्रास. "तुझं सांग. खुर्च्यावाला काय म्हणतो?"

तो सांगायला लागला. गंमत म्हणजे मला ते नीट ऐकू येईना. म्हणजे आवाज येत होता, पण शब्द एकमेकांना शिवलेले नव्हते. दुकानात फार उकडत होतं. मी चेनीचा टाका सोडवत होते आणि एकाच जागी सुई सारखी घालत होते. मला त्याचं हसू आलं.

"आई, छप्पन्न झालंय. तू म्हणालीस एकशे वीस."

मी दंड खुर्चीवरून काढला. पुरे झालं आजचं, असं वाटलं मला. पोरगा फार काळजीत पडायला नको. "येईल आता वर," मी म्हटलं.

तो थांबला. मीही थांबले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मानेवरून घामाचा ओघळ पाठीत गेला.

"आई, पन्नास. खाली जातंय ते."

"जाऊ दे रे. मी हात सोडलाय."

"हात सोडलाय म्हणजे?"

"म्हणजे दाबला नाहीये आता. आधी दाबला होता. खुर्चीला." मला कळत होतं की हे बोलायचं नसतं. पण जीभ माझी नव्हती, ती आपली आपण चालली होती, आणि मला तिचं कौतुक वाटत होतं. "तू घाबरू नको. दर वेळी असंच असतं. मी दाबते आणि तू फोन करतोस. छान चाललंय आपलं."

मग त्याने जो आवाज काढला तो मी त्याच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता. तो ओरडला नाही. एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "आई. तुझं बोलणं जड होतंय. हे खरं आहे. आत्ताचं खरं आहे. दुकानात साखर कुठे आहे?"

"चहाची आहे."

"कुठे?"

"बॉबिनच्या मागे."

"जिना चढायचा नाही. फोन कानालाच ठेव. उठ. टेबलाला धर. पोचलीस?"

पोचले. बरणीचं झाकण निघेना. ते उलटं फिरवतेय हे मला कळायला बराच वेळ लागला. बॉबिनचं खोकं खाली पडलं, रिळं सगळीकडे गेली. मी हातानेच साखर घेतली आणि तोंडात भरली. कोरडी. ठसका लागला. "पाणी पी. परत घे. गिळ. परत घे," तो म्हणत होता. मी खाली फरशीवर बसून रिळांच्या मध्ये साखर खात होते आणि त्याचं ऐकत होते. शहाण्या मुलीसारखी.

मग डोकं हळूहळू माझ्याकडे परत आलं. त्याने बोट टोचायला लावलं आणि या वेळी मी टोचलं. एकोणसत्तर. थोड्या वेळाने त्र्याण्णव. त्याच्याकडे कुठेतरी दार उघडून बंद झालं.

"कधीपासून?" तो म्हणाला.

मी सांगितलं. खुर्ची, जेवणाआधीची वेळ, बोलता बोलता दंड टेकवून ठेवणं, डोस. काही वगळलं नाही. करून बसले होते, आता लपवून काय मिळणार होतं?

"मी जिन्यात येऊन उभा राहायचो," तो म्हणाला. "दर वेळी. मीटिंग सोडून. एका हाताने कठडा धरून. मला वाटायचं, या वेळी उचलणार नाही. आणि तुला छान चाललंय असं वाटत होतं."

मी मात्र माझ्या सवयीने बोललेच. "मग काय करायला हवं होतं मी? तुला फोन करायचा नाही, असं तूच सांगितलंस ना?"

"मी?"

"तूच. बाबा गेल्यावर. मिक्सरच्या कार्डाच्या वेळी. माझं नाव दिसलं की तुझे हात कापतात म्हणालास. नको करत जाऊ म्हणालास."

"मिक्सरच्या कार्डाच्या वेळी," त्याने हळू आवाजात परत म्हटलं. मला वाटलं, आठवून त्याला वाईट वाटतंय. मी त्याची समजूत घालायच्या तयारीत होते.

"आई," तो म्हणाला, "मला हे आठवत नाहीये."

मी फरशीवर बसले होते. साखरेचे कण गुडघ्यांना टोचत होते. इतकी वर्षं मी फोन हातात घ्यायची आणि परत टेबलावर ठेवायची. ताप होता तेव्हा ठेवला. त्याच्या वाढदिवसाला तो करीपर्यंत दिवसभर थांबले. नवऱ्याचे कपडे शेवटी देऊन टाकले त्या दिवशी ठेवला. मला वाटायचं, आम्ही दोघं मिळून एक नियम पाळतो आहोत. तो मी एकटीच पाळत होते. तिकडे कोणी नव्हतंच.

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"तू करत का नाहीस, असं मला वाटायचं," तो म्हणाला. "वाटायचं, तुला गरज नाही. तू तशी आहेस म्हणून. मग मीही जरा..." तो बापासारखा खोकला. "कर ना, आई. कधीही कर."

डॉक्टरीणबाईंना त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. जे बोलणी खायची ती खाल्ली, नवा डोस लिहून घेतला. खुर्ची वर माळ्यावर टाकली आणि दुकानात पाठ नसलेलं स्टूल आणलं. ते कंबरेला त्रास देतं. बँकेतली बाई म्हणाली, परत फटकळ झालात. म्हटलं, हो.

पण फोन मी दोन आठवडे केला नाही. कधीही कर म्हणणं सोपं आहे. रोज दुपारी फोन हातात घ्यायची, त्याच्या नावापर्यंत जायची, आणि बोट तिथेच थांबायचं. सुईला न घाबरणारं बोट. तो फोन करत होता, अधूनमधून, जपून, आजाऱ्याशी बोलावं तसा. अंगठा त्याने बंद केला होता. त्याच्या जागी दुसरं काही आलं नव्हतं.

मग काल दुपारी, एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची पँट उंची कमी करायची म्हणून मोजली आणि ती आधीच त्याला आखूड होती. तो म्हणे, मी नाही वाढलो, पाय वाढले. त्या वयात. मी एकटीच हसले आणि हसता हसता फोन लावून मोकळी झाले. आकडा एकशे चौदा होता, सरळ रेघेत. दंडावर कसला भार नव्हता.

त्याने पहिल्या घंटीला उचलला.

"आई? काय झालं?"

आवाजात सगळं तेच होतं. बाबा गेले त्या दुपारचं सगळं. त्याला नियम आठवत नव्हता, पण त्याच्या आवाजाला आठवत होता.

"काही झालं नाही," मी म्हटलं.

"आकडा तर ठीक आहे."

"ठीक आहे. मी सहज केला."

मागे माणसांचे आवाज येत होते, कोणीतरी त्याला हाक मारली. मला वाटलं, आता म्हणेल, कामात आहे, संध्याकाळी करतो. म्हणाला असता तर मी बरं म्हटलं असतं आणि पुन्हा केला नसता. मला ते माहीत होतं, आणि बहुतेक त्यालाही.

"थांब," तो म्हणाला. "बाहेर येतो."

दार वाजलं, पावलं वाजली. मग मागचे आवाज थांबले. मी त्या पँटवाल्याचं सांगायला तोंड उघडलं आणि ती गोष्ट पार विसरून गेले. त्यालाही काही सुचत नव्हतं. वर यायला काही आकडा नव्हता, वाट बघायला काही नव्हतं. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"जेवलास का?" मी विचारलं.

"नाही अजून," तो म्हणाला. "तू काय खाल्लंस?"